बिनधोंड्याचा दोर

नाव थांबली. शिडात वारा भरलेला, नाव एका अंगावर कललेली, तोंडावर पाण्याचे शिंतोडे, सगळं होतं तसंच होतं आणि नाव तेवढी थांबली. तो हिसका सुकाणूच्या दांड्यातून महादेवरावांच्या मनगटात आला, मनगटातून खांद्यात, आणि तिथून पुढे कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. पुढे बसलेले कर्नलसाहेब गुडघ्यावर आपटले, सावरले आणि म्हणाले, "काय झालं हो?" काय झालं ते महादेवरावांना केव्हाच कळलं होतं. पाण्यातल्या दोराची ओढ ज्याने लहानपणी तळहातावर घेतली, त्याने पन्नाशीत ती विसरायची म्हटली तरी हात विसरत नाहीत. नावेच्या पोटातून खाली पाण्यात सोडलेली फळी मासे धरायच्या सापळ्याच्या दोरात अडकली होती. मागे निळा प्लास्टिकचा दोर पाण्यावर ऐसपैस पसरला होता आणि त्याच्या टोकाला तुपाचा रिकामा डबा डुचमळत होता. डब्याला चिंधी बांधलेली होती. पांढरी.

पांढरी चिंधी दुसऱ्या कुठल्याच डब्याला नसते. तलावाच्या पाळीखालच्या ढिवरपुऱ्यात, मासेमारांच्या वस्तीत, ज्या घरचा सापळा त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी, हिरवी, तांबडी, जांभळी, म्हणजे पहाटेच्या अंधुकातही कोणाचं काय ते कळावं. पांढरी चिंधी धोतराची. ती वर्षातून एकदा पाण्यावर येते आणि एकाच घराची येते. महादेवरावांनी ती पाहिली, आणि पाहिली नाही असंही ठरवलं, आणि ही दोन्ही कामं त्यांच्या मनाने इतक्या झटक्यात उरकली की त्यांना स्वतःलाही पत्ता लागला नाही. फळी वर ओढली असती, शीड ढिलं सोडलं असतं, तर दोर आपसूक घसरून मोकळा झाला असता. बोट क्लबात नव्याने येणाऱ्यांना हे महादेवरावच काठावर उभे राहून शिकवत. पण मागून दुसरी नाव येत होती, तिच्यावर कोणीतरी हसलं, निदान त्यांना तसं वाटलं, आणि आज पहिल्यांदाच कर्नलसाहेबांनी त्यांच्या हाती सुकाणू दिलं होतं. आज नीट निभावलं तर पुढच्या रविवारच्या शर्यतीत एक नाव त्यांची. खिशातला चाकू हातात आला. दोर ताणलेलाच होता, पातं नुसतं टेकताच सुटला. डबा उलटला, चिंधी पाण्याखाली गेली, पुन्हा वर आली. नाव सुटली.

"कापलात?" कर्नलसाहेब मागे वळून म्हणाले. "कशाला कापलात? फळी वर घेतली असती की निघाला असता." मग शिडाचा दोर हातात घेत, आवाजात जराही फरक न करता म्हणाले, "तुमच्यापैकीच कोणाचा तरी असेल ना तो."

तुमच्यापैकीच. पुढे अर्धा तास नाव फिरत होती आणि महादेवराव तो एकच शब्द चघळत होते. क्लबात त्यांनी स्वतःबद्दल जेवढं सांगितलं होतं तेवढं एका व्हिजिटिंग कार्डावर मावलं असतं: पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, राहायला प्रताप नगर. तलावाच्या खोलीचा नकाशा त्यांनी काढून दिला, म्हणून क्लबाने त्यांना आत घेतलं. आत आल्यावर त्यांनी काय काय नाही केलं. मले-तुले तोंडातून खरवडून काढलं. पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. पाण्यात पाय न घालता नावेत चढायला शिकले, जे त्यांना सगळ्यात जड गेलं, कारण पाय आपोआप पाण्याकडे जात. एकदा चहाच्या टेबलावर कोणीतरी विचारलं, महादेवराव, मासे चालतात का तुम्हाला, तर म्हणाले, क्वचित. ते क्वचित म्हणताना आपण किती सहज म्हटलं याचं त्यांना त्या दिवशी केवढं कौतुक वाटलं होतं. आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांना सेक्रेटरी केलं तेव्हा कर्नलसाहेब म्हणाले होते, "त्या लोकांशी तुमचं चांगलं जमतं." महादेवरावांनी ते वाक्य घरी जाऊन बायकोला प्रशस्तिपत्रकासारखं ऐकवलं होतं. आता तेच वाक्य आठवून त्यांचे कान तापले. त्यांना राग आला तो कर्नलसाहेबांचा नव्हे, कर्नलसाहेबांचा राग येण्याइतकी उंची त्यांनी स्वतःला कधी दिलीच नव्हती. राग आला तो रुपरावचा. थोरल्या भावाचा. दोर त्याचा होता.

आणि सांगून ठेवलं होतं की. उन्हाळ्यात स्वतः जाऊन सांगितलं होतं. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, दोर अंबाडीचे असत, भिजले की जड होऊन खाली बसत, वरून नाव जावो की म्हशी पोहोत जावोत. मग गांधीबागेतल्या दुकानांत हा निळा दोर आला. सडत नाही, वर्षानुवर्षं चालतो म्हणून ढिवरपुऱ्याने तो उचलला, आणि तो बुडत नाही म्हणून क्लबाच्या नावा त्यात गुरफटायला लागल्या. तलाव आटला की दोर उरतो, भरला की पुरायला हवा, म्हणून तो लांब ठेवावाच लागतो, आणि उरलेला सगळा पाण्यावर पसरून बसतो. क्लबातले काही जण म्हणाले, सापळेच बंद करा, कलेक्टरला भेटू. तेव्हा महादेवरावांनी सभेत उभं राहून तोड सुचवली होती: डब्याच्या जरा खाली दोराला एक धोंडा बांधायचा. उरलेला दोर धोंडा खाली ओढून धरतो, वर राहतो फक्त डबा. नावेला डबा दिसतो, ती वळते, दोर आडवा येत नाही. टाळ्या पडल्या होत्या. ही युक्ती त्यांची नव्हती, पाळीकडच्या उथळ पाण्यात म्हशींचे पाय गुंतू नयेत म्हणून बाबा पहिल्यापासून धोंडा बांधायचा. पण ते सभेत सांगायचं काही कारण नव्हतं.

घरी आले तर दारात तळणाचा वास. प्रेमिलाने पाट मांडला होता, केळीच्या पानावर वडे, खीर, भाजी, आणि एक पान वेगळं वाढून गच्चीवर ठेवलेलं. "अष्टमी आहे आज," ती म्हणाली. "मामंजींची तिथी. तुम्ही सकाळी न सांगता निघून गेलात, मला वाटलं तिकडेच गेलात भाऊजींकडे." महादेवरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सरावाची तारीख त्यांनीच ठरवली होती, हवामान पाहून, सोय पाहून. तारखेखालचा बारीक अक्षरातला पितृपक्ष त्यांनी पाहिला नव्हता. हात धुऊन ते पाटावर बसले. प्रेमिला अमरावतीच्या मास्तरांची मुलगी, तिच्या हाताला खिरीची चव होती, पण बाबाने उभ्या आयुष्यात खीर मागून खाल्ली असेल असं त्यांना वाटत नव्हतं. बाबाला मरळ लागायची, झणझणीत, तेलाचा तवंग आलेली. त्यांच्या घरात तिथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी थोरल्याने तलावातल्या बाबाच्या जागेवर सापळा घालायचा आणि तिथीच्या सकाळी धाकट्याने तो ओढायचा. जे निघेल ते रांधून बाबाला दाखवायचं. थोरल्याने घालायचा, धाकट्याने काढायचा. प्रताप नगरात घर झाल्यापासून धाकटा तिथीला गेलाच नव्हता. आधी सुट्टी नाही म्हणून, मग सवय गेली म्हणून, मग कोणी विचारलं नाही म्हणून. त्यांनी घास उचलला आणि परत पानात ठेवला.

ढिवरपुऱ्यात ते दुपारी पोचले. बूट पायांतच होते. रुपराव ओसरीत बसून बांबूच्या कामट्या सोलत होता, पुढ्यात अर्धा विणलेला नवा सापळा, आणि त्याच्या बाजूला तो डबा. पांढरी चिंधी वाळून कडक झाली होती. रुपरावने मान वर करून पाहिलं आणि कामट्यांचा पसारा जरा सरकवून भावाला बसायला जागा केली.

"ये गा. बस. डबा पाळीले येऊन लागला सकाळी. म्हटलं कोणाच्या तरी नावेत अडकला असन." त्याने दोराचं तुटकं टोक भावाच्या डोळ्यांपुढे धरलं. "पाय ना, साफ कापला आहे."

"दादा," महादेवराव उभ्याउभ्याच म्हणाले. सोलून टाकलेली भाषा ओसरीची पायरी चढल्याबरोबर तोंडात परत आली होती. "तुले सांगतलं होतं ना म्या? सगळ्या दोरायले धोंडे बांधजा म्हणून?"

"बांधले ना. डोंगा घेऊन जाय अन् पाय. अख्ख्या तलावात बिनधोंड्याचा दोर दाखव मले."

"हा होता."

रुपरावचा हात थांबला. "हा? हा तं बाबाचा होता गा."

"मंग काय झालं? बाबाचा दोर नावेले अडकत नाही काय?"

"अडकत असन. पण त्याले धोंडा कसा बांधू?" रुपरावच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, धाकट्याला एवढं साधं सांगावं लागतं याचं नवल. "त्याले पाण्यानं खाली नेलं. आपल्या डोळ्यादेखत नेलं. अन् आता म्या आपल्या हातानं त्याले धोंडा बांधू काय?"

महादेवरावांना ती श्रावणातली संध्याकाळ दिसली, म्हणजे संध्याकाळ नाही, तिचा एक तुकडा: उलटलेला डोंगा, त्याचं काळं डांबर फासलेलं बूड, आणि पाळीवर उभ्या रुपरावने घट्ट धरलेला त्यांचा दंड. उडी मारू नको म्हणून धरलेला. दुसऱ्या दिवशी बाबा ज्या ठिकाणी वर आला ती जागा. वर आला, असंच म्हणत घरात. बुडाला कोणी म्हणत नसे. वर आला म्हणत, अष्टमीला वर आला. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. ते न आठवणं हे त्यांनी गेल्या कितीतरी वर्षांत मेहनतीने कमावलं होतं, जसे पांढरे बूट कमावले होते.

"मले सांगाचं तं होतं," ते शेवटी म्हणाले.

"काहून सांगू? तुले मालूम नाही?"

आतून भागीरथावहिनी पाण्याचा गडवा घेऊन आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भाऊजी, यायनं सकाळभर वाट पायली तुमची. म्हणे आज रविवार आहे, नाव घेऊन तो तलावातच आहे, येईनच काढाले. दुरून तुमची नाव त्या जागीच वळली तं किती खूश झाले. म्हणे, पाय, आला."

महादेवरावांनी गडवा तोंडाला लावला आणि पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. पाणी प्यायल्यावर मी कापला असं म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गडवा खाली ठेवला आणि म्हणाले, "सापळा?"

"खालीच. दोर नाही तं निघत नाही तो. धरत राहीन." रुपराव पुन्हा कामटी सोलू लागला. "एक आत जाईन, मरन, त्याच्या वासानं दुसरा येईन. बांबू सडेपर्यंत धरत राहीन. असू दे. अमोशेले दुसरा घालतो, सर्वपित्रीले चालते."

"अमोशेले शर्यत आहे क्लबाची. मोठी. बाहेरगावचे लोक येऊन राहिले." आणि मग ते म्हणाले ते त्यांना म्हणायचं नव्हतं, पण म्हणायचं नसतं तर ते इथे आलेच कशाला असते. "त्या जागी नको घालू दादा. एवढा एक दिवस."

रुपरावने चाकू खाली ठेवला. ओसरीच्या कडेला एक काळा गोल धोंडा होता, हाताने गुळगुळीत झालेला. बाबा त्याच्यावर कामट्या ठोकून चपट्या करायचा, आता रुपराव करायचा. तो धोंडा उचलून त्याने नुसताच या हातातून त्या हातात घेतला. "बाबाची दुसरी जागा कोणती आहे गा?" त्याने विचारलं. हे त्याने भांडायला विचारलं नव्हतं. असली तर सांग, तिथे घालतो, अशा चालीवर विचारलं होतं, आणि म्हणूनच महादेवरावांना ते सहन झालं नाही. ते ओसरीची पायरी उतरले. निघताना वहिनीने मागून हाक मारली, जेवून जा म्हणून. त्यांनी घड्याळ पाहिलं, नुसतंच पाहिलं, किती वाजले ते कळलं नाही.

तो आठवडा त्यांनी ऑफिसात टेबलाशी बसून काढला. एका कालव्याचा आडवा छेद काढायचा होता, तो तीनदा पुसला. शेजारच्या टेबलावरचा वामनराव म्हणाला, "तब्येत बरी नाही काय?" कॅन्टीनच्या खिडकीतून दिसणारं सप्टेंबरचं ऊन, खोडरबराचा वास, ट्रेसिंगचा तो दुधाळ कागद, सगळ्यातून त्यांना निळा दोर दिसत होता, आणि दोराखालचा तो सापळा, ज्याच्यात आता मासे एकामागून एक जात असतील, आणि कोणीच ओढणार नाही. त्यांनी स्वतःशी हिशेब मांडून पाहिला: शर्यतीत नाव मिळाली, नीट चालवली, तर मग कोणी तुमच्यापैकीच म्हणणार नाही. दुसऱ्या बाजूला काय मांडायचं तेच कळेना. बाबा मेलेला होता. मेलेल्या माणसाला कापलेला दोर समजत नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

शुक्रवारी क्लबाच्या व्हरांड्यात बैठक झाली. कर्नलसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जसा ते कधीच ठेवत नसत. "महादेवराव, रविवारी तुम्ही सुकाणूवर नका बसू. त्या दिवशी जरा गडबडलात तुम्ही, होतं असं. पण दोर ओळखायला तुमच्यासारखी नजर आमच्यापैकी कोणाला आहे? तुम्ही असं करा, पाळीकडून एक डोंगा घ्या आणि शर्यतीच्या पुढे पुढे राहा. कुठे दोर आडवा दिसला की बाजूला करायचा. तुम्ही पुढे असलात की आम्ही बिनधास्त." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, बेस्ट आयडिया. महादेवरावांनी हो म्हटलं. नाही म्हणता येतं हे त्यांना गेटाबाहेर आल्यावर सुचलं, आणि तेव्हा म्हणायला समोर कोणी नव्हतं.

रविवारी अमावास्येला वारा चांगला होता. पाळीवर रंगीत छत्र्या, बायका, खुर्च्या, लाऊडस्पीकर. महादेवराव ढिवरपुऱ्याच्या बाजूने डोंगा घेऊन निघाले. डोंग्यात घोटाभर पाणी होतं, बूट भिजले, तेव्हा त्यांनी ते काढून बाजूला ठेवले. अनवाणी पाय ओल्या लाकडाला टेकले आणि अंग आपोआप पुढे वाकलं, एक गुडघा खाली, एक वर, वल्हं मांडीला घासून. असं बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं तरी डोंगा दुसऱ्या कुठल्या बसण्याने सरळ चालत नाही. पाळीच्या टोकाला रुपराव उभा होता, छत्र्यांपासून दूर, डोक्याला पंचा. त्याने तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "मादेव! तसंच गा, तसंच! बाबासारखंच बसला तू!" त्याला खरोखर आनंद झाला होता. छत्र्यांखालच्या दोन-चार माना हाकेच्या दिशेने वळल्या, मग डोंग्याकडे. महादेवरावांनी वर पाहिलं नाही. वल्ह्याचा हात मात्र चुकला नाही.

एकेक डबा येत गेला. हिरवी चिंधी, तांबडी, जांभळी, सगळ्यांखाली दोर सरळ उभा, धोंड्याने ओढून धरलेला. रुपरावने सांगितलं होतं तसं, बिनधोंड्याचा एकही नाही. मग पांढरी चिंधी आली. त्याच जागी. मागे पिस्तुलाचा बार झाला, नावा सुटल्या. महादेवरावांनी आकडी लावलेला बांबू पुढे केला आणि डबा ओढून घेतला. त्यांनी ठरवलं होतं की हा दोर पसरलेला असणार, तो सापळ्यासकट वर घ्यायचा आणि डोंग्यात टाकायचा, म्हणजे क्लबाचं कामही होईल आणि धाकट्याने काढायचंही होईल, दोन्ही एकाच ओढीत, आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. पण दोर पसरलेला नव्हता. हातात घेतला तर सरळ खाली गेलेला, ताठ. त्यांनी ओढला. वावभर वर आला आणि हाताला काहीतरी थंड, जड लागलं.

काळा गोल धोंडा होता. ओसरीतला, गुळगुळीत, बाबाच्या हाताने गुळगुळीत झालेला. त्याला आधी धोतराची पट्टी गुंडाळली होती, दोर काचू नये म्हणून, आणि वर दोराच्या गाठी, एकावर एक, सुटू नये म्हणून जरुरीपेक्षा जास्तच मारलेल्या. रुपरावने हे ज्या ओसरीत बसून केलं असेल ती महादेवरावांना दिसली.

त्यांनी पाळीकडे पाहिलं. रुपराव दोन्ही हातांनी हवेत दोर ओढून दाखवत होता. ओढ, ओढ. थोरल्याने घातला होता, आता धाकट्याने काढायचा होता. खाली सापळ्यात काहीतरी हललं, त्याची थरथर दोरातून तळहातावर आली, मोठी मरळ असावी. मागून शिडांचा फडफडाट जवळ आला. सगळ्यात पुढे कर्नलसाहेबांची नाव, सुकाणूवर कोणीतरी तरुण वकील. "महादेवराव, साइड!" ते ओरडले. "पाणी साफ आहे ना?"

"साफ आहे साहेब," महादेवराव म्हणाले, आणि त्यांनी दोर सोडला. धोंड्याने तो खाली नेला. डोंगा त्यांनी बाजूला घेतला. पाळीवर रुपरावचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले, मग खाली आले, आणि तो पाळीच्या दगडावर बसला. नावा एकामागून एक त्या जागेवरून गेल्या. कर्नलसाहेबांनी जाता जाता अंगठा वर करून दाखवला. एकही नाव अडकली नाही.